डॉलर महागला की उसाचा पालाश कमी होतो

देश विकतो कमी आणि परदेशातून घेतो जास्त, तेव्हा जी तूट पडते तिला परकी व्यापारातील तूट म्हणतात. हा विषय दिल्ली-मुंबईचा, आपला नव्हे, असे वाटते. परंतु सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील खताच्या पोत्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

१९९० साली आखाती संकटामुळे खनिज तेल भडकले. आपली परकी गंगाजळी आटत गेली, सोने गहाण ठेवावे लागले आणि जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला सुमारे २१ रुपये पडत, ते २६ च्या घरात गेले. द्राक्षाची निर्यात करणाऱ्याला त्याच मालाचे जास्त रुपये मिळू लागले. महाग्रेप्स ही संस्थाही १९९१ चीच. ऊस मात्र इथल्याच कारखान्याला जातो, आणि त्याला लागणारे पोटॅश परदेशातून येते. भारतात पोटॅशच्या चालू खाणी नाहीत.

त्यातच अनुदानाचा भार पेलेना म्हणून ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठले. युरियावरचे राहिले. मग शेतकऱ्याने काय केले? परवडले तेच टाकले. देशात नत्र, स्फुरद, पालाश वापराचे प्रमाण १९९१-९२ साली ५.९:२.४:१ होते, ते पुढच्याच वर्षी ९.५:३.२:१ झाले. पीक हिरवेगार दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पालाशाचा साठा असतो. तो काही वर्षे पुरतो, आणि तोवर तोटा झाकून राहतो. नंतर ऊस लोळतो, पाण्याचा ताण सोसत नाही, साखर नीट भरत नाही.

२०२२ साली हेच पुन्हा झाले. रशिया व बेलारूस हे पोटॅशचे मोठे पुरवठादार. युद्ध व निर्बंधांमुळे पुरवठा अडला आणि आपल्याकडे म्युरेट ऑफ पोटॅशचे ५० किलोचे पोते १,७०० रुपयांच्या आसपास गेले. युरियाचे ४५ किलोचे पोते मात्र २६६ रुपये ५० पैशांनाच होते. मोह कुणाला होणार नाही?

आडसाली उसाला हेक्टरी ४००:१७०:१७० किलो अशी शिफारस आहे. १७० किलो पालाशासाठी साठ टक्क्यांचे म्युरेट सुमारे २८३ किलो, म्हणजे पावणेसहा पोती लागतात. पोते १,७०० रुपयांना घेतले तर पालाश किलोला ५६-५७ रुपये पडतो. हाच हिशेब दुसऱ्या खताला लावून पाहा. आसवनीच्या सांडपाण्याच्या राखेपासून बनणारे, मळीवर आधारित पोटॅश खत मिळते. त्यात पालाश १४.५ टक्के. तितक्याच पालाशासाठी ते सुमारे १,१७० किलो लागेल. म्हणून भाव पोत्याचा नव्हे, किलोभर पालाशाचा विचारा, त्यात वाहतूक धरा. आणि लागणीपूर्वी माती तपासून घ्या. अहवालात पालाश भरपूर असेल तर मात्रा कमी करता येईल. खोडव्यात पाचट जाळू नका, त्यातलाही पालाश जमिनीतच मुरू द्या.