उड्यांचे खेळ : नक्कल आणि अभ्यास



गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट देण्याचा योग आला. सातवीतील एका विद्यार्थ्याने संगणकावर स्वतः तयार केलेला खेळ मोठ्या उत्साहाने दाखविला. विटांचे ओटे, मधून मधून खड्डे, वर टांगलेली नाणी आणि उड्या मारीत उजवीकडे धावणारा टोपीवाला इसम. पाहताक्षणीच मी म्हणालो, "अरे, ही तर मारिओची नक्कल!" मुलाने मान खाली घातली व खेळ बंद केला. त्यात त्याने स्वतःचे काय घातले होते, हे विचारावयाचे माझ्याकडून राहून गेले. मागाहून गुरुजींनी सांगितले, की पहिल्या खड्ड्याच्या तळाशी त्याने एक फळी ठेवली होती. कारण त्याची धाकटी बहीण तेथे पुनःपुन्हा पडून रडत असे. माझ्या त्या चुकीपोटीच हा पाठ लिहावयास घेतला आहे.

ज्या खेळाची ती नक्कल होती, तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानच्या निंटेंडो कंपनीने 1985 साली काढला. त्याची कल्पना शिगेरू मियामोटो यांची. आठ विभाग व प्रत्येकात चार टप्पे, असे 32 टप्पे त्यात आहेत. पुढे जगभरच्या चाहत्यांनी त्याच्या असंख्य प्रतिकृती केल्या. 2009 साली अँड्र्यू स्पिंक्स यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स एक्स' हा चाहत्यांचा खेळ तयार केला व त्याबरोबर टप्पे रचण्याचे साधनही दिले. मग काय, ज्याला त्याला आपला मारिओ रचता येऊ लागला!

असे खेळ एका सामाईक 'इंजिना'वर चालतात. इंजिन म्हणजे खेळाचा न दिसणारा भाग. पात्र किती वेगाने धावेल, उडी किती उंच जाईल, पाय जमिनीस टेकले हे कसे ओळखावे, हे सारे त्यात आधीच ठरलेले असते. करणाऱ्याने केवळ ओटे, खड्डे व शत्रू मांडावयाचे. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या स्त्रियांना ओवीचा साचा आयता मिळत असे. त्यात माहेर कोणते आणि दुःख कोणते, हे मात्र जिचे तिने घालावयाचे. मात्र साचा मिळाला म्हणजे ओवी साधतेच असे नाही. चाहत्यांचे बहुसंख्य खेळ नीरस असतात, हे मान्य केलेच पाहिजे. तीच टेकडी, तेच ढग, आणि अवघड करावयाचे म्हणून एका जागी दहा शत्रू. अशा खेळाची खोटी स्तुती करू नये. मुलांना ती लगेच कळते.

तरीही कित्ता गिरविल्यावाचून कोणाचे अक्षर वळले आहे? याच स्पिंक्स यांचा 'टेरारिया' हा स्वतंत्र खेळ 2011 साली आला व जगभर खपला. सेगा कंपनीच्या 'सॉनिक' खेळाचे एक चाहते ख्रिश्चन व्हाइटहेड हे प्रथम त्याच्या प्रतिकृतीच करीत असत. 2017 साली खुद्द सेगाने प्रसिद्ध केलेला 'सॉनिक मॅनिया' हा खेळ त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. 2016 साली निंटेंडोच्याच 'मेट्रॉइड' मालिकेतील एका जुन्या खेळाची चाहत्याने परिश्रमपूर्वक केलेली नवी आवृत्ती कंपनीच्या हरकतीमुळे वितरणातून काढावी लागली. चित्रे व पात्रे ही कोणाची तरी मालमत्ता असते.

वर्गासाठी 'स्क्रॅच' हे साधन मला सर्वांत सोयीचे वाटते. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने ते 2007 साली विनामूल्य उपलब्ध केले. एकदा संगणकावर उतरवून घेतले, की इंटरनेट नसतानाही चालते. त्याच्या संकेतस्थळावर दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन त्यात फेरफार करण्याची उघड मुभा आहे; मात्र मूळ कर्त्याचे नाव नव्या प्रकल्पावर आपोआप नोंदले जाते. 'कोणाचे घेतले?' हा प्रश्न तेथे आरोपाचा राहत नाही.

आता प्रत्यक्ष पाठ. उडीचे गणित फळ्यावर मांडावे. उडीचा आरंभीचा वेग 12 धरा. प्रत्येक फेरीत पात्र वेगाइतके वर सरकते आणि मग वेगातून 1 वजा होतो. म्हणजे एकूण उंची 12+11+10 अशी 1 पर्यंतची बेरीज, 78. वेग 13 केला तर 91. वेगातून दर फेरीस 1 ऐवजी 2 वजा केले तर 12+10+8+6+4+2, म्हणजे अवघी 42. पहिल्या प्रकारात पात्र पुन्हा त्याच पातळीवर येईपर्यंत 25 फेऱ्या होतात. दर फेरीस ते 5 एकके पुढे जात असेल, तर 125 एककांचे अंतर ओलांडले जाते. दुसऱ्या प्रकारात 13 फेऱ्या व 65 एकके. मग विचारावे : खड्डा 70 एककांचा असेल तर? उत्तर आधी वहीत लिहू द्यावे, मगच संगणकावर पाहू द्यावे. संगणक एकच असेल, तर हाच क्रम सोयीचा.

त्यानंतर प्रत्येक मुलाने तयार खेळातील एकच आकडा अथवा एकच ओटा बदलावा आणि तो का बदलला, हे दोन वाक्यांत लिहावे. वही तपासताना मी तरी प्रथम ती दोन वाक्येच वाचीन.

दिवाळीनंतर त्या शाळेत मी मुद्दाम पुन्हा गेलो. मुलगा खेळ दाखविण्यास राजी नव्हता. "ती फळी पाहावयाची आहे," असे म्हटल्यावर त्याने संगणक सुरू केला. पहिला खड्डा आला, फळी होती. दुसऱ्या खड्ड्यात मी पडलो आणि खेळ संपला.

"साहेब, तिथं फळी नाही ठेवली," तो म्हणाला. "तोवर तिला उडी येते."