स्पेसिफिकेशनचा कागद आणि कोरीटचा गारा

होस्टेलवर रात्री जेवणानंतर हमखास रंगणारा विषय म्हणजे गाड्या! अॅडव्हेंचर टूररचे नाव निघाले की आमच्या मजल्यावर सरळ दोन पार्ट्या पडतात, 'हिमालयन'वाले आणि 'केटीएम'वाले. मीही तावातावाने भांडायचो. पण मागच्या पावसाळ्यात कोरीटला शेताच्या वाटेवर काकांच्या शंभर सीसीच्या गाडीचे पुढचे चाक काळ्या मातीने जाम झाले. काका पडले, मनगट मोडले. मिरचीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी मोबाईलवर हिमालयनचा फोटो दाखवून मला विचारले, "हाई गाडी गारामा चाली का?"

इंजिनिअरिंगला शिकणारा पुतण्या! उत्तर देणे भागच होते.

कागद घेऊन बसलो. 2016 साली आलेली रॉयल एन्फिल्ड हिमालयन 411 सीसीची. बोअर 78 मिमी, स्ट्रोक 86 मिमी. भारतात 2020 साली आलेली, आपल्या चाकणला बनलेली केटीएम 390 अॅडव्हेंचर 373 सीसीची. बोअर 89, स्ट्रोक फक्त 60. सीसी हिमालयनचे जास्त, पण पॉवर तिची सुमारे 24 बीएचपी आणि केटीएमची 43! असे का?

पिस्टन एका फेऱ्यात दोन स्ट्रोक अंतर कापतो. हिमालयनची कमाल पॉवर 6500 आरपीएमला मिळते, म्हणून पिस्टनचा सरासरी वेग 2 × 0.086 × 6500 ÷ 60 = 18.6 मीटर प्रति सेकंद. केटीएमची 9000 ला, तिथे वेग येतो 18. म्हणजे दोन्ही पिस्टन जवळपास सारखेच पळतात! स्ट्रोक आखूड म्हणून केटीएमला त्याच वेगात जास्त फेरे मिळतात, आणि पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. (व्हायव्हात हे विचारले होते, तेव्हा मी गप्प होतो.)

पण गाऱ्यात 9000 आरपीएम कोण नेणार? हिमालयनचा 32 न्यूटन-मीटर टॉर्क 4000-4500 लाच मिळतो. केटीएमचा 37 आहे खरा, पण 7000 ला. सीटची उंची हिमालयनची 800 मिमी, केटीएमची 855. आमचे काका बुटके. ग्राउंड क्लिअरन्स 220 मिमी, पुढचे चाक 21 इंची, त्यामुळे दगड-खड्ड्यावरून सहज चढते. इथवर हिमालयनच जिंकत होती.

मग वजन पाहिले. बीएस-6 मॉडेल 199 किलो! काकांची जुनी गाडी एकट्याने उचलता येते. ही शेतात आडवी झाली तर त्या मनगटाने कोण उचलणार?

आणि एक आकडा कागदावर नव्हताच, टायर आणि मडगार्डमधल्या फटीचा. काका पडले ते तिच्यामुळेच. हिमालयनला वर चोचीसारखे एक मडगार्ड आहे, पण त्याखाली टायरला लागून दुसरेही आहे. डांबरी रस्त्यावर ते उत्तम. आमची माती मात्र तिथेच कोंबून बसणार.

काकांना स्पष्ट सांगितले, "गाडी चांगली आहे, पण तुमच्या वाटेची नाही." ते थोडे हिरमुसले. दुसऱ्या दिवशी नंदुरबारला मेकॅनिककडे जाऊन आम्ही जुन्या गाडीचे पुढचे मडगार्ड पट्ट्या लावून चार बोटे वर घेतले, मागे जाड नक्षीचा टायर टाकला. आता चिखल तोंडावर उडतो, अशी काकांची तक्रार आहे. चाक मात्र अजून एकदाही जाम झालेले नाही.