फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा

नेव्हिल डिसोझा हे भारताचे मोठे फुटबॉलपटू होते. त्यांचा जन्म १९३२ साली गोव्यात झाला. आमच्या सावर्ड्याच्या स्टेशनावरून गाड्या गोव्याकडेच जातात. ते मुंबईत फुटबॉल खेळत. पुढच्या फळीत राहून गोल मारायचा, हे त्यांचे काम.

१९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ऑलिंपिक भरले. भारताचा सामना ऑस्ट्रेलियाशीच होता. त्यांच्याच मैदानावर आपण ४-२ ने जिंकलो. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल यांनी मारले! याला हॅटट्रिक म्हणतात. ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची हॅटट्रिक करणारे ते आशियातले पहिले खेळाडू.

पुढे युगोस्लाव्हियाशी पहिला गोल त्यांनीच मारला, पण आपण ४-१ ने हरलो. मग बल्गेरियाशीही हरलो. भारत चौथा आला. पदक हुकले.

यंदा धावण्याच्या शर्यतीत मी पण चौथा आलो. बक्षिसे तीनच होती. मी रडलो, घरी जेवलोसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला ही माहिती सांगितली. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताचा आजपर्यंतचा सगळ्यात वरचा नंबर तो चौथाच आहे.

नेव्हिल डिसोझा १९८० साली वारले. पण त्यांचे तीन गोल कोणी विसरले नाही. मी आता रोज सकाळी धावतो.