आश्विनातील मुरघास: तुर्भ्याच्या गोठेवाल्यांस सल्ला

1970 साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नगरनिर्मितीकरिता संपादनाखाली आल्या, तेव्हापासून मौजे तुर्भे येथील चराऊ जमीन आक्रसत गेली. आणि ज्यांच्या दारी आजही दोन-चार म्हशी बांधलेल्या आहेत, त्यांची भिस्त माघापासून ज्येष्ठापर्यंत भाताच्या पेंढ्यावर व विकतच्या वैरणीवर राहते. पेंढ्याने पोट भरते खरे, परंतु त्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असल्यामुळे दूध आटते. आश्विनात मात्र संकरित नेपिअर गवत आणि बांधावरील गिरिपुष्प व सुबाभूळ यांचा पाला एकाच वेळी हाताशी असतो. याच सुमारास मुरघासाची, म्हणजे हिरवी वैरण हवाबंद मुरवून टिकवण्याची, तजवीज करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हवाबंद वैरण मुरते ती तिच्यातील साखरेचे आम्ल होऊन; परंतु उष्ण प्रदेशातील गवतात पाणी फार व साखर थोडी. पाल्यात प्रथिने 20 ते 25 टक्के, परंतु तीच आम्लता वाढू देत नाहीत. त्यामुळे पाला सढळ हाताने मिसळला की वैरण मुरण्याऐवजी कुजते. म्हणून सात हिस्से गवतास तीन हिस्से पाला, याहून अधिक घेऊ नये, आणि दर 100 किलो वैरणीमागे सुमारे 3 किलो गूळ किंवा मळी थोड्या पाण्यात कालवून शिंपडावी.

कापलेले गवत व पाला दिवसभर उन्हात कोमेजू देऊन त्यांचे 2 ते 3 सेंटिमीटरचे तुकडे करावेत. तुकडे मुठीत घट्ट आवळले असता बोटांतून पाणी ठिबकले तर आणखी सुकवावे. मूठ उघडताच गोळा हळूहळू सुटू लागला व तळवा केवळ ओलसर राहिला, तर भरणी सुरू करावी.

खाडीलगतच्या खाजण जमिनीत पाणी वर असल्यामुळे खड्डा खोदू नये, जाड प्लास्टिकच्या मुरघास बॅगाच वापराव्यात. दोन म्हशींना रोज प्रत्येकी 15 किलोप्रमाणे 120 दिवसांस 3,600 किलो, म्हणजे टनाच्या चार बॅगा लागतात. प्रत्येक थर पायांनी तुडवून हवा काढावी व तोंड घट्ट बांधावे.

दीड-दोन महिन्यांनी उघडल्यावर वैरण पिवळसर हिरवी व आंबूस वासाची असावी. बुरशी दिसल्यास तेवढा भाग टाकून द्यावा. प्रारंभी 5 किलो देऊन हळूहळू वाढवावी आणि धार काढून झाल्यावरच घालावी, म्हणजे दुधास वास लागत नाही.