एसटी की रेल्वे?

मुलांनो, समजा तुम्ही खेडला राहता. रविवारी अम्मी आणि नानीला घेऊन समुद्र पाहायचा आहे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे आहे. एसटीने जाल की रेल्वेने?

कोकण रेल्वे म्हटले की वाटते, खिडकीतून समुद्रच समुद्र दिसेल! तसे नाही. समुद्राजवळ खाड्या रुंद होतात. रूळ किनाऱ्यापासून बरेच आत, डोंगरांतून आणि बोगद्यांतून गेले आहेत. रत्नागिरीला जायचे तर रेल्वे बरी. परशुराम घाटाची वळणे लागत नाहीत, नानीला मळमळत नाही. पण स्टेशन शहराबाहेर आहे. तेथून किनाऱ्यापर्यंत रिक्षा किंवा बस करावीच लागते. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळाही बदलतात.

हर्णैला तर रेल्वे जातच नाही. एसटीने दापोली गाठायची, तेथे बस बदलायची. हर्णैच्या बंदरासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. शिवाय 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. नानीचे वय पंचाहत्तरच्या पुढे असेल, तर तिला तिकीटच नाही.

मात्र बंदरावर मासळीचा लिलाव रंगतो तो संध्याकाळी. म्हणून दापोलीला बस बदलतानाच परतीची शेवटची बस कधी, ते कंट्रोलरला विचारा. मी एकदा विचारले नाही. अब्बांना दमा, औषध घरी राहिलेले, आणि बस निघून गेलेली! शेवटी मासळीच्या टेम्पोवाल्याने आम्हांला दापोलीपर्यंत आणले. अब्बा वाटेत एक शब्दही बोलले नाहीत.