परदेशातून जड यंत्र येताना जोखीम कुणाची?

कारखान्यासाठी परदेशी टर्बाइन किंवा अन्य जड यंत्र घ्यायचं म्हटलं, की किमतीवर तासन्‌तास चर्चा होते. वाटेतल्या जोखमीचं कलम मात्र न वाचताच मंजूर होतं. म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

आपला ऊस काट्यावर चढेपर्यंत आपला असतो. वाटेत ट्रॉली उलटली, ऊस वाळला, तर घटलेलं वजन आपल्याच बिलात दिसतं. परदेशी व्यवहारात हा ‘काटा’ कुठे, ते करारातली तीन अक्षरं ठरवतात. ‘एफ.ओ.बी.’ असेल तर माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम आपली. जहाजाचं भाडं व विमाही आपणच पाहायचा. ‘सी.आय.एफ.’मध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो. त्यामुळे माल मुंबईला पोचेतो जबाबदारी त्याचीच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. इथेही जोखीम तिकडच्या बंदरातच आपल्या गळ्यात पडते. शिवाय २०२०च्या नियमांप्रमाणे त्याने किमान संरक्षणाचा, म्हणजे ‘सी’ कलमांचा विमा काढला तरी चालतो. त्यात चोरी नाही, आणि क्रेनमधून पेटी निसटून पडली तर तेही नाही. सर्व जोखमींसाठी ‘ए’ कलमं लागतात, ती करारात आधी लिहून घ्यावी लागतात. ‘डी.ए.पी. कारखाना स्थळ’ लिहिलं तर जोखीम आपल्या आवारापर्यंत विकणाऱ्याची. उतरवणं आणि आयात शुल्क तेवढं आपलं. किंमत अर्थातच चढी लागते.

बंदरानंतरचा रस्ता तर वेगळंच प्रकरण. महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्राकडे ७० टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये निघालं, ते पोचलं जुलै २०२० मध्ये! अंतर सुमारे १७०० किलोमीटर, गाडीला ७४ चाकं, यंत्राची रुंदी साडेसहा मीटरवर. तारा उचला, फांद्या तोडा, पूल भक्कम करा, असं करत गाडी सरकायची; त्यात टाळेबंदी आली. आपल्याकडे यायचं तर घाट आणि नद्यांवरचे पूल आहेतच. तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वीच बंदर ते कारखाना वाट मोजून घ्यावी. सर्वांत जड नग किती टनांचा, किती उंच-रुंद, हे विकणाऱ्याकडून लेखी मागावं.

आणखी एक. मालाचा विमा गोदाम ते गोदाम असला, तरी नेहमीच्या कलमांप्रमाणे शेवटच्या बंदरात माल उतरल्यापासून ६० दिवसांनी तो संपतो. यंत्र पुलाअलीकडे अडकून पडलं तरी दिवस मोजले जातातच. मुदतवाढ हवी तर ते साठ दिवस सरण्याआधी विमा कंपनीला कळवून वाढीव हप्ता ठरवावा लागतो.