चार तासांचे सलाईन, वर्षभराची दक्षता

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील रुग्ण मोठ्या आजारासाठी हैदराबाद, सोलापूर किंवा कलबुर्गी गाठतो. तेथे त्याला ‘महागडे सलाईन’ दिले जाते आणि तो औराद, भालकी वा आळंदकडील आपल्या गावी परततो. पुढे दोन महिन्यांनी ताप आला की आपल्याच दवाखान्याची पायरी चढतो. त्या सलाईनमध्ये कोणते औषध होते हे त्याला सांगता येत नाही, आणि घाईगर्दीत आपणही विचारत नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी, एवढाच या लेखाचा हेतू.

औषधाचे स्वरूप

एकाच पेशीच्या वंशातून निपजलेली आणि एकाच लक्ष्यावर नेमकी बसणारी प्रतिद्रव्ये म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. ती तयार करण्याची पद्धत कोहलर व मिल्स्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे शोधली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात दोघेही मानकरी होते. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे बी लिम्फोसाइट पेशींवरील सीडी-२० या खुणेला चिकटून त्या पेशी नष्ट करते. म्हणून ते लिम्फोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडते, तसेच संधिवातात आणि मुलांच्या वारंवार उलटणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्येही वापरले जाते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याचे समरूप औषध बाजारात आणले. इन्फ्लिक्सिमॅबचे कार्य निराळे आहे. ते टीएनएफ या दाह वाढविणाऱ्या द्रव्याला अडविते.

सलाईनपूर्वी

१) हिपॅटायटिस बी : केवळ एचबीएसएजी तपासून भागत नाही, अँटी-एचबीसी ही तपासणीही हवी. यकृतात सुप्त असलेला विषाणू रिटुक्सिमॅबनंतर उसळून जीवघेणी कावीळ होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याविषयी ठळक इशारा दिला. धोका असल्यास एन्टेकाविर वा टेनोफोविर आधी सुरू करून शेवटच्या मात्रेनंतर बारा ते अठरा महिने चालू ठेवावे लागते.

२) क्षयरोग : टीएनएफरोधक औषधांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा चाचणी करावी. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक उपचार साधारणतः महिनाभर आधी सुरू करावेत.

३) लसीकरण : आजाराला उसंत असेल तर निर्जीव लसी चार आठवडे आधी पूर्ण कराव्यात. उपचार चालू असताना जिवंत लस देऊ नये.

सलाईन चालू असताना

रिटुक्सिमॅब कधीही थेट शिरेत ढकलू नये. पॅरासिटामॉल व अँटिहिस्टामिन अर्धा तास आधी द्यावे. प्रौढांत पहिली मात्रा ताशी ५० मिलिग्रॅमने सुरू करून, त्रास नसल्यास दर अर्ध्या तासाने ५० ने वाढवीत ताशी ४०० पर्यंत न्यावी. मुलांत प्रारंभ वजनाच्या दर किलोस ताशी अर्धा मिलिग्रॅम इतका संथ असावा. थंडी वाजणे, ताप, रक्तदाब उतरणे हा त्रास बहुधा पहिल्याच वेळी आणि पहिल्या दोन तासांत होतो. त्या वेळी सलाईन थांबवावे आणि लक्षणे पूर्ण शमल्यावरच निम्म्या गतीने पुन्हा सुरू करावे. श्वास कोंडला वा अंगावर गांधी उठून रक्तदाब कोसळला, तर अ‍ॅनाफिलॅक्सिस समजून एक हजारास एक या प्रमाणाचे अ‍ॅड्रिनॅलिन, दर किलोस ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील स्नायूत तत्काळ द्यावे. मुलांत ०.३ व प्रौढांत ०.५ मिलिलिटर ही कमाल मात्रा होय. ते भरून हाताशी नसेल, तर सलाईन सुरूच करू नये.

घरी परतल्यावर

सलाईन चार-सहा तासांत संपते. बी पेशी मात्र सहा महिने वा त्याहून अधिक काळ परतत नाहीत. श्वेतपेशी काही आठवड्यांनी अचानक घटू शकतात. म्हणून अशा रुग्णाचा ताप ‘व्हायरल’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी रक्तगणना करावी आणि मूळ तज्ज्ञांना दूरध्वनी करावा. डोळे पिवळे दिसल्यास यकृताची तपासणी करावी. खोकला दोन आठवडे टिकल्यास थुंकी तपासावी.

नवजात अर्भकाचा प्रश्न

बालरोगतज्ज्ञ म्हणून एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. ही प्रतिद्रव्ये गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत वारेतून बाळाच्या रक्तात जातात. आईने इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या एका अर्भकाला ब्रिटनमध्ये बीसीजी दिल्यानंतर तिचे जंतू सर्वांगात पसरून ते दगावले. ही घटना २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच दिली जाते आणि रोटाव्हायरसची जिवंत लस सहाव्या आठवड्यात. म्हणून लस टोचण्यापूर्वी आईला विचारावे, “बाई, गरोदरपणात संधिवातासाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी काही सलाईन वा इंजेक्शन घेतले होते का?” उत्तर होकारार्थी असल्यास जिवंत लसी सहा महिने, इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत बारा महिने, पुढे ढकलाव्यात. निर्जीव लसी मात्र वेळेवर द्याव्यात.

समारोप

उपचार मोठ्या शहरात झाला, तरी रुग्णाचे वास्तव्य आपल्या गावात असते. समाजबांधवांना नम्र विनंती, की औषधाचे नाव, तारीख आणि तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद सदैव जवळ बाळगावा व कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर प्रथम तो दाखवावा. आणि सहव्यावसायिकांना विनंती, की त्याने दाखविला नाही, तर आपण मागावा.